छपाईच्या कामासाठी हक्कमुक्त चित्रे कशी शोधावीत आणि कशी पारखावीत

हातात दिवा धरलेली साडीतली तरुणी, दिव्यावर आडवा धरलेला तिचा हात आणि बोटांमधून झिरपून चेहऱ्यावर पडलेला उजेड, हे चित्र दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर आणि कॅलेंडरांवर आपण सर्वांनी पाहिले आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्मा यांचे समजतात, आणि रविवर्मा जाऊन शंभरावर वर्षे लोटली असल्यामुळे ते कोणीही छापावे असे गृहीत धरतात. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे जलरंगचित्र वास्तविक सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. हळदणकर १९६८ मध्ये निवर्तले, आणि भारतीय कायद्याच्या हिशेबाने त्या चित्रावरचा स्वामित्वहक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत टिकून आहे. सांगली-मिरजेच्या छापखान्यांत लग्नपत्रिका, बेदाण्याची खोकी, हळदीची पाकिटे, नाट्यमंडळांच्या स्मरणिका आणि गणेशोत्सवाचे फ्लेक्स यांचे काम करणाऱ्या प्रत्येकाला जुनी, देखणी आणि फुकट वापरता येणारी चित्रे हवी असतात. अशी चित्रे लाखोंनी उपलब्ध आहेत. मात्र चित्र जुने दिसते की नाही यापेक्षा ते कोणी काढले, तो कलावंत केव्हा वारला आणि आपल्यापर्यंत आलेली प्रत कोणाच्या संग्रहातून आली, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी हातात असली पाहिजेत. पुढचे सारे मार्गदर्शन या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

सालांचा हिशेब

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्र, रेखाटन, नकाशा, कोरीवकाम अशा कलाकृतींवरचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. त्यामुळे मृत्यूच्या सालात साठ मिळवावेत आणि येणाऱ्या सालाचा ३१ डिसेंबर उलटला की चित्र खुले झाले असे समजावे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ मध्ये, महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये आणि बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. या चौघांचेही काम भारतात आज हक्कमुक्त आहे. याउलट दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घराघरांत पोहोचलेले दीनानाथ दलाल १९७१ मध्ये आणि रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या चित्रांसाठी अनुक्रमे २०३१ आणि २०३६ संपेपर्यंत थांबावे लागेल. एस. एम. पंडितांच्या पौराणिक चित्रांचा हक्क तर २०५३ पर्यंत आहे. जुन्या अंकांची मुखपृष्ठे हौसेने स्कॅन करून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ती पाहायला आनंद होतो, पण ती उचलून ग्राहकाच्या पाकिटावर छापणे हे वेगळे प्रकरण आहे.

हा हिशेब समजून घेण्यासाठी सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय हे उत्तम ठिकाण आहे. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभे केले. ते १९५१ मध्ये वारले, त्यामुळे त्यांनी काढलेली रामायणातील प्रसंगांची चित्रे २०१२ च्या आरंभापासून खुली झाली आहेत. त्याच संग्रहात रविवर्मा यांचे काम आहे आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे दगडी शिल्पही आहे. मूर १९८६ मध्ये वारले. त्यांच्या शिल्पावरचा हक्क २०४६ पर्यंत चालेल. एकाच छपराखाली शेजारी-शेजारी असलेल्या वस्तूंपैकी एक मुक्त आणि दुसरी बंधनात असते, ती अशी. शिवाय मूळ चित्र हक्कमुक्त असले तरी संग्रहालयात कॅमेरा चालवू द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार संग्रहालयाकडेच राहतो, आणि ती परवानगी तिकीटखिडकीवर विचारूनच घ्यावी.

छायाचित्रांचा नियम थोडा वाकडा आहे आणि स्मरणिका काढणाऱ्यांनी तो नीट लक्षात ठेवावा. २०१२ पर्यंत छायाचित्रावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षांनी संपत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले गेले आणि छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा सर्वसाधारण नियम लागू झाला. जी छायाचित्रे त्याआधीच मुक्त झाली होती त्यांचा हक्क पुन्हा जिवंत झाला नाही. म्हणून भारतात १९५१ अखेरपर्यंत छापून प्रसिद्ध झालेले छायाचित्र निश्चिंतपणे वापरता येते. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, आणि सांगली जिल्ह्यातल्याच नागठाण्याचे बालगंधर्व. त्यामुळे येथील नाट्यस्पर्धांच्या स्मरणिकांना गंधर्व नाटक मंडळीची छायाचित्रे नेहमीच लागतात. बालगंधर्व १९६७ मध्ये गेले म्हणून त्यांचे छायाचित्र २०२७ पर्यंत अडकले, असा तर्क कोणी करील तर तो चुकीचा आहे. छायाचित्रात दिसणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूचा या हिशेबाशी संबंध नसतो. १९३० च्या दशकातील एखाद्या मासिकात वा नाटकाच्या पुस्तिकेत छापलेले त्यांचे छायाचित्र मुक्त आहे. १९६० च्या सुमारास एखाद्या स्टुडिओत काढलेले मात्र तसे गृहीत धरता येणार नाही. तेथे छायाचित्रकार कोण आणि तो केव्हा वारला, हे शोधावे लागेल.

निनावी चित्रांसाठी आणि सरकारी प्रकाशनांसाठी प्रसिद्धीनंतरची साठ वर्षे मोजावीत. जुन्या जिल्हा गॅझेटियरांमधील नकाशे आणि रेखाचित्रे या नियमाने केव्हाच खुली झाली आहेत. युरोपातील बहुतेक देशांत मृत्यूनंतर सत्तर वर्षांचा नियम आहे आणि अमेरिकेत जुन्या छापील कामासाठी प्रसिद्धीनंतर पंचाण्णव वर्षांचा. सांगलीत छापून सांगलीतच विकल्या जाणाऱ्या मालासाठी भारतीय हिशेब पुरतो. पण टी-शर्ट किंवा पोस्टर परदेशातील संकेतस्थळावर विकायचे असेल, तर तेथील मुदतही संपली आहे की नाही हे पाहावे.

परवान्याची खूण वाचणे

संग्रहालये आणि ग्रंथालये प्रत्येक चित्राखाली हक्काविषयी एक ओळ देतात, आणि चित्र उतरवून घेण्याआधी नजर त्या ओळीवर गेली पाहिजे. तेथे ‘सीसी झिरो’ (‘सीसी’ म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे ठरावीक अटींचे खुले परवाने) असे लिहिले असेल तर त्या संस्थेने आपले उरलेसुरले हक्कही सोडून दिले आहेत, आणि चित्र व्यापारासाठी, कापून, रंग बदलून, श्रेय न देताही वापरता येते. ‘पब्लिक डोमेन मार्क’ असेल तर मूळ कृतीवर हक्क उरलेला नाही असे संस्थेचे म्हणणे आहे. व्यवहारात दोन्ही खुणा आपल्याला चालतात. सपाट चित्राच्या बाबतीत दोहोंत फारसा फरक पडत नाही, पण मूर्ती, दागिना, वाद्य किंवा भांडे यांच्या छायाचित्रात पडतो. वस्तू पाचशे वर्षांची असली तरी तिचे छायाचित्र काल काढलेले असते आणि कोन, प्रकाश, पार्श्वभूमी यांची निवड करणाऱ्या छायाचित्रकाराचा त्यावर स्वतंत्र हक्क असतो. म्हणून त्रिमितीय वस्तूसाठी ‘सीसी झिरो’ हीच खूण धरावी.

‘सीसी बाय’ म्हणजे श्रेय देण्याची सक्ती. ‘शेअर अलाइक’ जोडलेले असेल तर त्या चित्रावरून केलेले नवे चित्रही त्याच अटीवर इतरांना खुले करावे लागते, आणि आपल्या लेबलाची नक्कल इतरांनी करू नये असे वाटणाऱ्या व्यापाऱ्याला ते परवडणारे नसते. ‘नॉन कमर्शियल’ हा शब्द दिसला की पाकीट, जाहिरात, फ्लेक्स यांसाठी ते चित्र बाद. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ असेल तर बदललेले चित्र प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे डिझाइनच्या कामाला ते निरुपयोगीच. ब्रिटिश म्युझियमचे संकेतस्थळ पाहून अनेकांची येथे फसगत होते: तेथील मराठाकालीन चित्रे मोहात पाडणारी आहेत, पण संस्था आपली छायाचित्रे अव्यापारी वापराच्या अटीवर देते.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे ही संकेतस्थळे फुकट छायाचित्रे देतात, परंतु ती पब्लिक डोमेनची भांडारे नव्हेत. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये ‘सीसी झिरो’ सोडून स्वतःचा परवाना लागू केला, ज्यात वापराची मुभा मोठी असली तरी काही बंधने आहेत. आजच्या काळातले छायाचित्र हवे असेल तर त्यांचा उपयोग अवश्य करावा. जुने चित्र हवे असेल तर तिकडे जाण्यात अर्थ नाही. तेथे ‘व्हिंटेज’ म्हणून मिळणारे पुष्कळ काही संगणकाने अलीकडेच बनवलेले असते. पिंटरेस्टचा उपयोग कल्पना सुचण्यापुरता ठेवावा. तेथून उचललेल्या चित्राचा मालक कोण हे पिंटरेस्टलाही माहीत नसते.

कोठे शोधावे

माझ्या मते भारतीय विषयांसाठी पहिला दरवाजा ठोठवावा तो अमेरिकेतील संग्रहालयांचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० हून अधिक चित्रे ‘सीसी झिरो’खाली खुली केली. तेथे दख्खनी लघुचित्रे आहेत, रागमाला चित्रे आहेत, रविवर्मा छापखान्याची रंगीत शिळाछापे आहेत आणि १८८९ मध्ये देणगी मिळालेल्या वाद्यसंग्रहात भारतीय तंतुवाद्येही आहेत. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या एखाद्या कारागिराचे माहितीपत्रक करायचे असेल, तर या एका संग्रहालयात वाद्यांची छायाचित्रे आणि तंबोरा घेतलेल्या रागिणींची चित्रे दोन्ही सापडू शकतात. शोधाच्या पानावर ‘ओपन ॲक्सेस’ची चौकट निवडली की बंधनातील चित्रे गळून जातात. क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टने जानेवारी २०१९ मध्ये हेच धोरण स्वीकारले. त्याचा भारतीय विभाग समृद्ध आहे आणि जेपीईजीबरोबर मोठ्या आकाराची टिफ फाइलही थेट उतरवून घेता येते, म्हणून छपाईच्या कामासाठी मी ते मेटच्याही आधी उघडावे असे सुचवीन. शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा खुल्या करणारी स्मिथसोनियन संस्था यांचा क्रम त्यानंतर.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचे वैशिष्ट्य म्हणजे प्रतिमांचा दर्जा. चित्रातील कुंचल्याचा फटकारा मोजता यावा इतकी बारीक छायाचित्रे तेथे मिळतात. सतराव्या शतकात गोवळकोंड्यात तयार झालेल्या आणि विटसेन नावाच्या डच गृहस्थाकडे असलेल्या चित्रसंचातील छत्रपती शिवाजी महाराजांचे व्यक्तिचित्र याच संग्रहालयात आहे. लंडनच्या वेलकम संग्रहात देवदेवतांची जुनी शिळाछापे आणि औषधी वनस्पतींची चित्रे आहेत, पण तेथे प्रत्येक चित्राची खूण वेगळी असल्यामुळे ती एकेक तपासावी लागते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात फक्त पब्लिक डोमेनमधील सामग्री दाखवण्याची सोय आहे. तेथे जुने नकाशे, वेशभूषेची चित्रे आणि पोस्टर उत्तम मिळतात.

विकिमीडिया कॉमन्स सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच तेथे काळजी अधिक घ्यावी. या भांडारात चित्रे चढवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या नोंदी क्वचित चुकतात. शोधाच्या वरच्या पट्टीत परवान्याचा गाळणा असतो, तेथे ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडावे. चित्राच्या पानावर खाली परवान्याचा भाग असतो, तो वाचावा आणि ‘सोर्स’समोर दिलेल्या दुव्यावरून मूळ संग्रहालयाच्या पानापर्यंत जावे. तेथे तेच चित्र, तोच चित्रकार आणि तेच साल दिसले तर निर्धास्त व्हावे. ‘सोर्स’समोर ‘स्वतःचे काम’ असे लिहून कोणी रविवर्मांचे चित्र चढवलेले असेल, तर ती नोंद सोडून दुसरी शोधावी.

रविवर्मांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्या मालकीचा झाला आणि रविवर्मांच्या पश्चातही अनेक वर्षे इतर चित्रकारांची चित्रे छापत राहिला. तेव्हा छापाखाली रविवर्मा प्रेसचे नाव असणे म्हणजे चित्रकाराची सही नव्हे. संग्रहालयाच्या नोंदीत चित्रकाराचे नाव आणि साल पाहावे, आणि नाव नसेल तर निनावी चित्राचा, म्हणजे प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, हिशेब लावावा.

शेतमालासाठी वनस्पतींची चित्रे

सांगली-साताऱ्याच्या डिझाइनरला सर्वाधिक उपयोग कशाचा होत असेल तर तो जुन्या वनस्पतिचित्रांचा, आणि आश्चर्य म्हणजे तिकडे फारसे कोणी वळत नाही. हळद, द्राक्ष, ऊस, ज्वारी, आले, डाळिंब आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, या प्रत्येकाची अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात काढलेली, पान, फूल, मूळ आणि बी सुटे-सुटे दाखवणारी रंगीत चित्रे उपलब्ध आहेत. पाकिटावर ती बाजारातल्या चकचकीत छायाचित्रांपेक्षा कितीतरी शोभून दिसतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी हे यांचे सर्वांत मोठे भांडार. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी केरळातील वैद्यांच्या मदतीने तयार केलेला आणि १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेलेला ‘हॉर्टस मलबारिकस’, विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेल्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या चित्रांचा ग्रंथ, आणि १७८७ पासून निघत असलेले कर्टिस यांचे वनस्पतिविषयक नियतकालिक हे सारे पानोपान पाहता येते. जर्मनीत १८८७ च्या सुमारास निघालेल्या केलर यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातील हळदीचे चित्र विकिमीडियावर मोठ्या आकारात आहे आणि हळदीच्या पाकिटासाठी त्याहून नेमके चित्र मिळणे कठीण. या ग्रंथालयातही अलीकडची काही प्रकाशने हक्कधारकाच्या परवानगीने अव्यापारी अटीवर ठेवलेली आहेत, म्हणून ग्रंथाच्या पानावरील हक्काची स्थिती वाचूनच पुढे जावे.

येथे शोध शास्त्रीय नावानेच करावा, कारण इंग्रजी सामान्य नावे काळागणिक आणि देशागणिक बदललेली असतात. हळदीसाठी कर्कुमा लोंगा, द्राक्षासाठी व्हिटिस व्हिनिफेरा, उसासाठी सॅकरम ऑफिसिनारम ही नावे रोमन लिपीत टाकावीत. ज्वारीला आज सोर्घम बायकलर म्हणतात, पण जुन्या ग्रंथांत ती होल्कस किंवा अँड्रोपोगॉन या नावांखाली लपलेली असते. आजच्या नावाने काही सापडले नाही तर जुने नाव टाकून पाहावे.

गावांच्या नावांनाही हेच लागू आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी साताऱ्याचे स्पेलिंग दोन ‘टी’ घालून केलेले असते, मराठ्यांना ते ‘महरट्टा’ लिहितात, आणि कृष्णा नदी कित्येक नकाशांवर ‘किस्टना’ आहे. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला साताऱ्याची जुनी रेखाचित्रे मिळत नाहीत आणि ती अस्तित्वातच नाहीत असा त्याचा समज होतो.

किनारी, वेलबुट्टी आणि जाळीकाम यांसाठी १८५६ मध्ये छापलेल्या ओवेन जोन्स यांच्या अलंकरणावरील ग्रंथातील भारतीय नक्षीची चित्रपाने, १८९० पासून निघालेल्या जयपूरच्या वास्तुतपशिलांच्या संचातील रेषाचित्रे आणि जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती पाहाव्यात. ही पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. लग्नपत्रिकेची चौकट यांतून उभी केली तर बाजारातल्या तयार सीडीवरची, दहा लग्नांत दिसणारी चौकट टाळता येते.

आकार आणि सफाई

फाइल छपाईला पुरेल की नाही याचा हिशेब उतरवण्याआधी करावा. ऑफसेट किंवा डिजिटल छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर बारा-अठराच्या कागदाला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात आणि पाच बाय सात इंचाच्या पत्रिकेला १,५०० बाय २,१०० पुरतात. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्यामुळे इंचाला ७२ पिक्सेलही पुष्कळ होतात. विकिमीडियावर समोर दिसणारे चित्र हे नमुन्याचे असते. त्याखालच्या ‘ओरिजिनल फाइल’वर जाऊनच मूळ आकार घ्यावा. लहान चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठे करण्यापेक्षा त्याच चित्राची दुसऱ्या संग्रहालयातील मोठी प्रत शोधणे केव्हाही चांगले, आणि त्यासाठी गूगल लेन्स किंवा टिनआय यांत चित्र टाकून उलटा शोध घ्यावा. मूळ चित्रकाराचे नाव शोधण्यासाठीही हाच मार्ग उपयोगी पडतो.

उतरवलेली मूळ फाइल तशीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून प्रतीवर काम करावे. जुन्या कागदाचा पिवळेपणा ‘लेव्हल्स’मध्ये पांढऱ्या बिंदूची निवड करून घालवता येतो, पण तो पूर्णपणे घालवला की वनस्पतिचित्राचा जीव जातो, असे माझे मत आहे, थोडी झाक राहू द्यावी. एकरंगी कोरीवकाम असेल तर ते करड्या छटांत बदलून, कॉन्ट्रास्ट वाढवून कोरलमध्ये किंवा इंकस्केपमध्ये ट्रेस करावे, म्हणजे ते कितीही मोठे करता येते आणि स्क्रीन प्रिंटिंगलाही चालते. रंगीत चित्र छपाईच्या चार रंगांत बदलताना हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल मळकट होतो, म्हणून एक चाचणी प्रत काढल्याशिवाय प्लेट करू नये. घरातले जुने छापील चित्र स्वतः स्कॅन करत असाल, तर ६०० डीपीआयला स्कॅन करून स्कॅनरमधील ‘डीस्क्रीन’ची सोय चालू ठेवावी, अन्यथा छपाईच्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढून जाळी उमटते. कागद आपल्या मालकीचा असला तरी चित्रावरचा हक्क आपला होत नाही, त्यामुळे सालांचा हिशेब येथेही चुकत नाही.

हक्क संपला तरी उरणारी बंधने

साताऱ्यात काम करणाऱ्याने १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा माहीत करून घेतलाच पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारधंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. त्यात एक सवलत आहे: कॅलेंडरवर चित्र छापता येते, मात्र त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असावे आणि ते कॅलेंडर मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेले नसावे. राइक्सम्युझियममधील महाराजांचे चित्र स्वामित्वहक्काच्या दृष्टीने पूर्ण मुक्त असले, तरी ते कंदी पेढ्याच्या खोक्यावर छापता येणार नाही ते यामुळे. शिवजयंतीच्या व्याख्यानमालेच्या पत्रकाचा हेतू व्यापाराचा नसतो, त्यामुळे तेथे तेच चित्र शोभेल. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. ती डिझाइनमध्ये घेऊच नये.

जुन्या काड्यापेट्यांची, साबणांची आणि यंत्रांची लेबले सुंदर असतात, पण चित्रावरचा हक्क संपला तरी त्यातील नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून जिवंत असू शकते, कारण ट्रेडमार्कचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. अशा लेबलाची रंगसंगती आणि अक्षरांची ठेवण घ्यावी, नाव आणि चिन्ह सोडावे. हयात व्यक्तीचा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल तर तिची लेखी संमती घ्यावी, छायाचित्र कोणत्याही परवान्याचे असो. देवदेवतांच्या चित्रांना कायद्याची अशी आडकाठी नाही, पण फोडून फेकल्या जाणाऱ्या पाकिटावर लक्ष्मी छापण्यापूर्वी ग्राहकाशी एकदा बोलून घ्यावे.

हवे ते कोठेच सापडत नसेल, तर आयर्विन पुलाचे किंवा अजिंक्यताऱ्याचे छायाचित्र स्वतः काढणे हाही मार्ग आहे. इमारतींची आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पांची छायाचित्रे घेऊन ती प्रसिद्ध करण्यास आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभा आहे.

नोंद आणि श्रेय

प्रत्येक चित्रासाठी एका तक्त्यात ओळ भरावी: चित्राचे नाव, चित्रकार, त्याचे मृत्यूचे साल, संस्था, संस्थेचा नोंदक्रमांक, पानाचा पत्ता, परवान्याचा मजकूर जसाच्या तसा आणि उतरवल्याची तारीख. त्या पानाची पीडीएफही जपून ठेवावी, कारण संस्था आपली धोरणे बदलतात आणि पाने हलतात. नोंदक्रमांक विशेष महत्त्वाचा आहे. पत्ता बदलला तरी त्यावरून चित्र पुन्हा सापडते, आणि ज्या चित्राला कोणत्याच संस्थेचा नोंदक्रमांक नाही त्याच्या जुनेपणाविषयी शंका घ्यायला जागा असते. काम सोपवताना या तक्त्याची प्रत ग्राहकाला बिलासोबत द्यावी, म्हणजे पुढच्या हंगामात तेच पाकीट दुसऱ्या छापखान्यात गेले तरी चित्राविषयीचा प्रश्न तुमच्याकडे परत येत नाही.

‘सीसी झिरो’ चित्रासाठी श्रेय देण्याची सक्ती नसली तरी स्मरणिकेत किंवा पुस्तकात चित्रकाराचे नाव, साल आणि ‘सौजन्य’ म्हणून संग्रहालयाचे नाव चित्राखाली बारीक अक्षरांत द्यावे. पाकिटावर जागा नसेल तर ‘सीसी बाय’ चित्राचे श्रेय मागच्या बाजूला, घटकपदार्थ आणि उत्पादकाच्या पत्त्याखाली, चित्रकार, संस्था आणि परवाना या क्रमाने एका ओळीत बसवता येते. सहा पॉइंटपेक्षा लहान अक्षर मात्र घेऊ नये, कारण प्लॅस्टिकच्या पाकिटावर ते वाचले जात नाही.